स्त्रियांचा इतिहास कोणत्या वाटेने?

इतिहास ग्रंथालयाच्या कपाटातून बाहेर पडून रस्त्यावर आला, ही गोष्ट लोकशाहीवाद्यांनी स्वागत करण्याजोगीच आहे. पुण्याच्या जुन्या पेठांतून सुटीच्या दिवशी सकाळी मार्गदर्शकाबरोबर पायी फिरावयाचे, वाडे, हौद, देवळे, बाजार पाहावयाचे आणि त्यांच्या कहाण्या ऐकावयाच्या, ही प्रथा गेल्या काही वर्षांत शहरात चांगलीच रुजली. आता त्याच धर्तीवर स्त्रियांच्या इतिहासाच्या फेऱ्याही निघू लागल्या आहेत. ज्यांना एरवी कोणी इतिहासाचा ग्रंथ हाती दिला नसता अशी तरुण मंडळी त्यांत सामील होतात, ही समाधानाची बाब होय. तथापि कोणत्याही उपक्रमाकडे केवळ कौतुकाने पाहून भागत नाही. ही फेरी कोणाच्या दारापासून सुरू होते, कोणाच्या दाराशी संपते आणि वाटेत कोणती दारे न उघडताच मागे राहतात, हा प्रश्न विचारावाच लागतो. इतिहासाचा मार्ग आखणे ही राजकीय कृती आहे. मार्ग आखणाऱ्याला त्याची जाणीव असो वा नसो.

रूढ फेरीचेच उदाहरण घ्यावे. ती बहुधा शनिवारवाड्यापासून निघते. तेथे स्त्रियांचा उल्लेख होत नाही असे नाही. किंबहुना तो फारच होतो. मस्तानीच्या सौंदर्याची गोष्ट सांगितली जाते, काशीबाईंच्या दुःखाची सांगितली जाते, गोपिकाबाईंच्या मत्सराची सांगितली जाते आणि १७७३ साली झालेल्या नारायणरावाच्या खुनाच्या संदर्भात आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केल्याची दंतकथा तर हमखास सांगितली जाते. म्हणजे स्त्री इतिहासात येते ती एक तर प्रेमविषय म्हणून किंवा कारस्थानी म्हणून. ज्या राज्यकारभारात लक्षावधी रुपयांचा हिशेब होता त्यात ती नाही आणि ज्या श्रमावर तो वाडा उभा होता त्यातही ती नाही. पेशवाईत कुणबिणींची, म्हणजे दासींची, खरेदी-विक्री होत असे. त्या मुदपाकखान्यात, कोठीत आणि गोठ्यात राबत असत. याची नोंद पेशवे दप्तराच्या कागदांत आहे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर उभे राहून अणकुचीदार खिळ्यांचे वर्णन करणारा मार्गदर्शक त्या कुणबिणींविषयी अवाक्षरही बोलत नाही. दरवाजाला खिळे का ठोकले हे कळते. धान्य कोणी दळले हे कळत नाही.

अन्य देशांतील अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत बॉस्टन शहरात १९८९ साली स्त्रियांच्या वारशाची पायवाट आखण्यात आली. तिचा आरंभ सार्वजनिक शाळांतील शिक्षक, ग्रंथपाल आणि विद्यार्थी यांनी केला, प्रवासी कंपन्यांनी नव्हे. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे स्त्रियांच्या ग्रंथालयाने अशा फेऱ्या चालविल्या. त्या शहराला १९१५ सालच्या घरभाडेविरोधी लढ्याचा वारसा आहे. महायुद्धाच्या काळात घरमालकांनी भाडे वाढविले तेव्हा मेरी बार्बर यांच्या नेतृत्वाखाली कामगार वस्तीतील बायकांनी भाडे देण्यास नकार दिला आणि सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स या छोट्या गावी १८४८ च्या जुलैमध्ये स्त्रीहक्कांची परिषद भरली होती. त्या जागेला १९८० साली राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा देण्यात आला. या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. इतिहास जतन करण्याचा पुढाकार शिक्षकांनी, चळवळींनी किंवा शासनाने घेतला आणि राण्यांच्या महालांऐवजी सामान्य स्त्रियांच्या सभा, शाळा व संप हा त्यांचा विषय राहिला.

पुण्याजवळ अशी सामग्री नाही काय? उलट ती इतकी विपुल आहे की दुसऱ्या शहराने हेवा करावा. ज्या १८४८ साली सेनेका फॉल्सला परिषद भरली त्याच साली बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. रूढ तारीख १ जानेवारी आहे, काही अभ्यासक त्याच वर्षीचा ऑगस्ट महिना सांगतात. वर्षाविषयी मात्र वाद नाही. १८५१ मध्ये चिपळूणकरांच्या वाड्यात व रास्ता पेठेत आणि १८५२ मध्ये वेताळ पेठेत पुढच्या शाळा निघाल्या. १८५२ सालीच विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे या कार्याचा जाहीर सत्कार झाला. आज विश्रामबागवाडा दाखविताना दुसऱ्या बाजीरावाच्या विलासाची वर्णने रंगविली जातात. पण त्याच वाड्यात मुलींच्या शिक्षणाचा गौरव झाला हे किती फेऱ्यांत सांगितले जाते? १८५५ साली या शाळांतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. १८६३ मध्ये फुले दांपत्याने आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि १८६८ मध्ये आपल्या वाड्यातील पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. शाळा, निबंध, प्रसूतिगृह आणि हौद: या चार गोष्टींत शिक्षण, जात, देह आणि पाणी हे स्त्रीमुक्तीचे चारही प्रश्न आलेले आहेत आणि त्या चारही जागा एका सकाळी पायी फिरून होण्याइतक्या जवळ आहेत.

आता १८८२ हे एकच वर्ष घ्यावे. त्या वर्षी पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी व स्त्री-डॉक्टरांच्या गरजेविषयी साक्ष दिली. त्याच आयोगाला जोतीरावांनी प्राथमिक शिक्षणासंबंधी आपले निवेदन सादर केले. त्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यातील श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. एका वर्षात, एका शहरात, इतके विचारमंथन! आणि त्या पुस्तकाचे पुढे काय झाले? ते विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी त्याचे पुनर्मुद्रण केले तेव्हा कोठे महाराष्ट्राला आपल्या या लेखिकेची पुन्हा ओळख झाली. त्र्याण्णव वर्षे एक जळजळीत ग्रंथ समाजाच्या स्मरणातून नाहीसा होऊ शकतो, हा धडा स्त्रियांच्या इतिहासाची फेरी काढणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवला पाहिजे. विसर आपोआप पडत नाही. ज्यांना आठवण गैरसोयीची असते ते विसरण्याची व्यवस्था करतात.

पुढे १८८४ मध्ये हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली. पेशव्यांची घोडी जेथे बांधली जात त्या जागी मुली बीजगणित शिकू लागल्या. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले पंडिता रमाबाईंचे शारदासदन पुढच्याच वर्षी पुण्यात आले. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन स्थापन झाले आणि विधवा स्त्रियांना परिचारिकेचे, शिक्षिकेचे स्वतंत्र उत्पन्न देणारे शिक्षण मिळू लागले.

परंतु ही नामावळी देऊन थांबणे हाही एक प्रकारचा अन्याय होईल. थोर स्त्रियांची मिरवणूक म्हणजे स्त्रियांचा इतिहास नव्हे. या संस्थांमध्ये परस्परसंघर्ष होता, वर्गाच्या आणि जातीच्या मर्यादा होत्या, त्या झाकून ठेवल्या तर इतिहासाची आरती होते, अभ्यास होत नाही. हुजूरपागेच्या अभ्यासक्रमाला लोकमान्य टिळकांनी कडाडून विरोध केला होता. ज्या रस्त्यावरून ती शाळा दिसते त्याच रस्त्यावर उभे राहून हे सांगितले पाहिजे. शारदासदनावर धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. कर्वे यांच्या संस्थेचा आरंभीचा आधार उच्चवर्णीय विधवा हाच होता. या प्रत्येक ठिकाणी कार्य मोठे होते आणि मर्यादाही खऱ्या होत्या. समाजवादी कार्यकर्त्याने दोन्ही सांगण्याचे धैर्य दाखविले पाहिजे.

तसेच पुराव्याचे आहे. सावित्रीबाईंनी १८५६ साली माहेराहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात आपल्या अनुपस्थितीत कामाचा भार वाहणाऱ्या फातिमाचा उल्लेख केलेला आहे. तेवढा उल्लेख मोलाचा आहे. त्यावरून एका मुसलमान सहकारी स्त्रीचे या कार्यातील स्थान दिसते. त्यापलीकडे अलीकडच्या काळात जी रंजक चरित्रे रचली गेली त्यांना तेवढा आधार नाही आणि त्या अतिरंजनाचा फायदा घेऊन विरोधक आता तिचे अस्तित्वच नाकारू पाहतात. पुरावा जेवढा तेवढे सांगावे, ही शिस्त चळवळीने पाळली तर हा डाव यशस्वी होणार नाही. खोटी भर घालून खऱ्या माणसांची सेवा होत नसते.

वास्तूंच्या बाबतीत तर हेळसांडीची परिसीमा झाली. भिडे वाड्याचे राष्ट्रीय स्मारक व्हावे ही मागणी कित्येक वर्षे होत राहिली, वाडा दरवर्षी अधिक खचत राहिला आणि जागेचा वाद न्यायालयांतून फिरत राहिला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात तो वाद संपला. डिसेंबरमध्ये महापालिकेने जागेचा ताबा घेतला आणि जीर्ण वास्तू पाडण्यात आली. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये नव्या स्मारकाची पायाभरणी झाली. स्मारकाला कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही. परंतु ज्या भिंतींनी मुलींचे पहिले पाढे ऐकले त्या भिंती मात्र वाचल्या नाहीत. ज्या शहराने आपल्या विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाईंचे नाव दिले त्याच शहराला तिची पहिली शाळा सांभाळता आली नाही, यातील विसंगती बोलकी आहे. नाव देण्याला खर्च थोडा येतो. भिंत सांभाळायला पैसा, चिकाटी आणि श्रद्धा लागते.

येथवर शहराचा विचार झाला. पण स्त्रियांचा इतिहास शहरात सुरू होतो, ही कल्पनाच मुळात तपासून पाहिली पाहिजे. पुणे-सातारा रस्त्याने निघाले की भोर तालुक्याच्या टोकाशी सारोळे हे गाव लागते. तेथे नीरा नदीचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो, सातारा जिल्हा सुरू होतो, शिरवळ येते आणि शिरवळपासून जवळच नायगाव आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी याच नायगावात खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, लग्न होऊन ती मुलगी पुण्याला आली. नायगावहून पुण्याला यायचे तर नीरा ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. अर्थात आधुनिक महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाची वाट भिडे वाड्यातून निघण्यापूर्वी नीराकाठच्या गावांतून आलेली आहे. ज्या गावांना आज केवळ महामार्गावरचा एक थांबा समजले जाते त्यांच्या अंगणातून हा इतिहास गेला.

त्या वाटेवरची आणखी एक घटना कार्यकर्त्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. १८६८ साली सावित्रीबाई नायगावी असताना त्यांनी जोतीरावांना एक पत्र लिहिले. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि एक महार मुलगी यांचे प्रेम जमले, मुलीला दिवस गेले आणि गावकरी दोघांचा जीव घेण्यास निघाले. सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रजी कायद्याची भीती दाखवून त्यांनी दोघांचे प्राण वाचविले आणि त्यांना पुण्यास जोतीरावांकडे पाठविण्याची व्यवस्था केली. जातीबाहेर प्रेम केले म्हणून मुलामुलींना ठार मारण्याचे प्रकार आजही थांबलेले नाहीत. दीडशे वर्षांपूर्वी एका स्त्रीने एकटीने जमावापुढे उभे राहून जे केले ते आज किती पंचायती, किती पोलीसपाटील, किती पुढारी करतात? हा प्रश्न नायगावच्या स्मारकात पुष्पहार घालून सुटणार नाही. ३ जानेवारीला तेथे मोटारींचा ताफा येतो, भाषणे होतात आणि संध्याकाळी ताफा परत जातो. त्या पत्राचे सामुदायिक वाचन त्याच दिवशी, नीरेच्या दोन्ही काठांवरच्या गावांत, चावडीवर व्हावे, हे त्या ताफ्यापेक्षा अधिक उपयोगाचे होईल.

भोर आणि वेल्हे परिसरात दुर्गभ्रमंतीला येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. राजगडावर सईबाईंची समाधी दाखविली जाते. १६५९ साली त्यांचा राजगडी अंत झाला. तेथे नतमस्तक होणे योग्यच आहे. पण गड ज्यांनी बांधला, गडावर पाणी-लाकूड ज्यांनी वाहिले, पायथ्याच्या वाड्यांमधून दूध-दाणा ज्यांनी पोहोचविला त्या स्त्रियांची आठवण कोठल्या टप्प्यावर काढली जाते? येथेही स्त्रीचे स्थान आई किंवा पत्नी एवढेच उरते. भोरजवळ येळवंडी नदीवर भाटघरचे धरण आहे. पहिले धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले, मोठे धरण १९२८ मध्ये पुरे झाले आणि त्याला मुंबईच्या गव्हर्नराचे, लॉइडचे, नाव मिळाले. या पाण्यावर नीरेचे कालवे वाहू लागले आणि बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस येथे ऊस उभा राहिला, साखर कारखाने उभे राहिले, सत्तेची नवी घराणी उभी राहिली. ज्या खोऱ्यातल्या जमिनी पाण्याखाली गेल्या तेथल्या बायकांच्या वाट्याला काय आले? डोंगरउतारावरची नाचणी-वरई, मुंबईला हमालीला किंवा गिरणीत गेलेला नवरा, महिन्याकाठी येणारी मनिऑर्डर आणि बाकीचे सगळे कष्ट. धरणाला गव्हर्नराचे नाव आहे. त्याच्या दगडमातीची पाटी डोक्यावर वाहिली त्यांतल्या एकीचेही नाव कोठे कोरलेले नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर स्त्रियांचा इतिहास अदृश्य राहतो कारण स्त्रियांचे श्रम अदृश्य राहतात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात चूल, पाणी, सरपण, मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे संगोपन यांना जागा नाही. केंद्र सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे विनामोबदला घरकामात घालवितात. घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. पावणेपाच तासांहून अधिक श्रम रोज, आणि त्याची किंमत शून्य! जे ताळेबंदात येत नाही ते इतिहासात कसे येणार? आणि जे इतिहासात येत नाही त्याची मजुरी कोण मागणार? इतिहास आणि मजुरी यांचा असा थेट संबंध आहे. म्हणूनच स्त्रियांच्या इतिहासाची फेरी हा सांस्कृतिक छंद नसून वेतनाच्या लढ्याचाच एक भाग मानला पाहिजे.

या दृष्टीने पुण्याच्या नकाशावर आणखी काही जागा चढवाव्या लागतील. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला आणि आपली संघटना उभी केली. मध्यमवर्गीय घरांच्या मागच्या दाराने आत येणाऱ्या स्त्रिया प्रथमच पुढच्या रस्त्यावर मोर्चाने आल्या. घरकामगारांच्या कल्याणमंडळाचा कायदा महाराष्ट्रात व्हायला त्यानंतर २००८ साल उजाडावे लागले. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. उकिरड्यावर वेचणारी बाई चोर नसून कामगार आहे, ती शहराचा कचरा कमी करते, पालिकेचा खर्च वाचविते, हे या संघटनेने हिशेबानिशी सिद्ध केले. मुंबईत १९७२-७३ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींनी महागाईविरोधात स्त्रियांना रस्त्यावर आणले. लाटणे हे शस्त्र झाले. या सर्व जागांवर ना घुमट आहे ना शिलालेख. एखादा चौक, एखादे मैदान, एखादी कचरा वर्गीकरणाची शेड. परंतु जेथे माणसाने मान वर केली ती जागा ऐतिहासिक नाही तर कोणती?

येथे काही आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप असा की, अशा फेऱ्या म्हणजे सुखवस्तू लोकांची करमणूक. चळवळीने त्यात वेळ का दवडावा? आजच्या सशुल्क फेऱ्यांपुरता हा आक्षेप खरा आहे. जिच्या आजीचा इतिहास सांगितला जातो तिलाच शुल्क परवडत नाही आणि रविवारी सकाळी तिला सुटीही नसते. पण यावरून निघणारा निष्कर्ष फेरी सोडून देण्याचा नसून तिची मालकी बदलण्याचा आहे. वृत्तपत्र भांडवलदार काढतात म्हणून कामगारांनी वाचन सोडले नाही. आपले वृत्तपत्र काढले.

दुसरा आक्षेप असा की, खेड्यात दाखविण्यासारखे काय आहे? हा आक्षेप ज्याला पाहता येत नाही त्याचा आहे. प्रत्येक गावात पाणवठा आहे. कोणत्या विहिरीवर कोणत्या जातीच्या बायकांनी पाणी भरायचे आणि कोणी दूर थांबून ओंजळ पुढे करायची, हा नियम कधी आणि कसा मोडला, हे सांगू शकणाऱ्या वृद्धा अजून हयात आहेत. १९६८ च्या सुमारास नव्हे तर १८६८ मध्येच फुल्यांनी हौद खुला केला. आणि तरीही १९७२ साली बाबा आढाव यांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम हाती घ्यावी लागली. हे शंभर वर्षांचे अंतर म्हणजेच महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास आहे आणि तो गावोगावच्या विहिरीच्या काठावर उभे राहून सांगता येतो. जाते, उखळ, बाळंतिणीची खोली, सुईणीचे घर, गावातली मुलींची पहिली शाळा, दुष्काळात १९७२ साली बायकांनी खडी फोडलेला रस्ता: या सर्व वास्तूच होत.

तिसरा आक्षेप विद्वानांचा आहे: तोंडी आठवणींवर इतिहास रचता येत नाही. त्याला उत्तर १९८९ सालीच मिळालेले आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधून काढून, त्यांच्या मुलाखती घेऊन ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्या स्त्रियांना कोणी आधी विचारलेच नव्हते म्हणून त्या इतिहासात नव्हत्या. तोंडी साक्ष तपासून घ्यावी लागते हे खरे; पण सरकारी कागदही तपासूनच घ्यावा लागतो. लिहिणाऱ्याचा हितसंबंध कागदावरही उमटतोच.

यातून पक्षाच्या आणि समविचारी संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी एक लहानसा कार्यक्रम निघतो. भोर तालुक्यातील शाखांनी सारोळे-शिरवळ-नायगाव असा एका दिवसाचा मार्ग आखावा आणि तो पुण्यातील फुले वाडा, भिडे वाड्याची जागा, विश्रामबागवाडा, हुजूरपागा यांच्याशी जोडावा. गावच्या शाळेतील मुलींनी पुण्याच्या जागा पाहाव्यात आणि पुण्याच्या मुलींनी नीरेचा काठ पाहावा. येणे-जाणे दोन्ही बाजूंनी असावे. प्रत्येक गावातील सत्तरीच्या पुढील पाच स्त्रियांच्या आठवणी, त्यांच्या संमतीने, त्यांच्याच शब्दांत लिहून काढाव्यात: पहिली मजुरी किती मिळाली, पाणी कोठून आणले, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली आणि का सुटली, सातबाऱ्यावर नाव लागले का. मार्गदर्शनाचे काम निवृत्त शिक्षिका, अंगणवाडी सेविका, घरकामगार, कचरावेचक यांच्याकडे द्यावे आणि त्याचे रोख मानधन द्यावे. स्त्रियांच्या विनामोबदला श्रमाविरुद्ध बोलणारी फेरी विनामोबदला श्रमावर चालू नये. कष्टकरी स्त्रीला फेरी मोफत असावी आणि तिच्या सुटीच्या वेळी असावी. बुधवार पेठेतून जाताना तेथील स्त्रियांकडे प्रेक्षणीय वस्तू म्हणून बोट दाखविले जाऊ नये. त्यांना बोलायचे असेल तर त्यांनीच बोलावे, नसेल तर फेरीने मान खाली घालून पुढे जावे.

आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी एक ठराव असावा. नुसते पाहून घरी जाणे हे प्रवाशाचे लक्षण आहे. पाहून काही मागणे हे नागरिकाचे. भिडे वाड्याच्या जागेवर होणाऱ्या स्मारकात मुक्ता साळवेच्या निबंधाला आणि १८४८ नंतर शाळा सोडाव्या लागलेल्या मुलींच्या प्रश्नाला जागा मिळावी, ही मागणी करता येईल. ग्रामपंचायतीने गावातील घरे आणि शेतजमीन पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याचा आग्रह धरावा, ही करता येईल. महामार्गालगतच्या कारखान्यांत रोजंदारीवर जाणाऱ्या मुलींना कायदेशीर किमान वेतन, स्वच्छतागृह आणि परतीचे सुरक्षित वाहन मिळावे, ही करता येईल. पुण्याकडे जाणाऱ्या एस.टी.च्या पहिल्या गाडीत आज ज्या मुली महाविद्यालयाची पुस्तके घेऊन बसतात आणि ज्या बायका भाजीच्या पाट्या घेऊन बसतात, त्या दोघीही नऊ वर्षांच्या त्या मुलीच्याच वाटेने निघालेल्या आहेत. पहिलीला शिक्षण मिळते, दुसरीला अजून बसायला जागासुद्धा मिळत नाही. सावित्रीबाईंचे काम जेथे अपुरे राहिले आहे ती जागा नेमकी हीच. आणि स्त्रियांच्या इतिहासाची फेरी तेथे येऊन थांबत नसेल तर ती कितीही वाडे फिरली तरी वाट चुकलेलीच असेल.